दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न

कायझर्सलाउटर्न
२ सप्टेंबर २०२४

बाबा,

सोबत फॉर्मब्लाट तीन जोडलाय. गेली दोन वर्षं भरताय तोच. चार पानं, शेवटच्या पानावर सही, आणि २०२२ सालच्या टॅक्सच्या कागदांची प्रत. माझा बाफ्योग, म्हणजे शिक्षणासाठीची मदत, ठरवायला सरकारला तुमचं दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न लागतं, हे मी दर वर्षी लिहिते आणि दर वर्षी तुम्ही मला विचारता.

या वर्षी नियम बदललेत. महिन्याची मदत वाढलीय. आईवडिलांच्या पगारातला जो भाग हिशेबात धरत नाहीत तोही वाढलाय. म्हणजे मला मागच्यापेक्षा बरे पैसे मिळायला हवेत, फॉर्म वेळेवर गेला तर. आता हे सगळं ऑनलाइनही होतं. तुमचा ईमेल तोच असेल तर लिंक पाठवते, घरबसल्या भरा. मग हा कागद फाडून टाका. पुढच्या वर्षीपासून पाकिटांची भानगडच नको.

मागच्या वर्षी मी तुम्हाला चारदा लिहिलं. पहिले पैसे जानेवारीत आले. या वर्षी एकदाच लिहिणार आहे.

फोन करू नका. नंबर बदललाय.

वल्लरी


रेगेन्सबर्ग
११ सप्टेंबर २०२४

चि. वल्लरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. फॉर्मला टाचून आलेलं असलं तरी मी त्याला पत्रच म्हणतो. अक्षर अजून छान आहे तुझं. इथे आलो तेव्हा तू दहा वर्षांची होतीस, आणि आई तुला दर रविवारी एक पान मराठी लिहायला बसवायची. तू पाय आपटत लिहायचीस. त्याचं चीज झालं म्हणायचं.

ते ऑनलाइनचं मात्र माझ्याच्याने व्हायचं नाही गं. ओळखपत्राचा पिन आलेलं पाकीट कुठे ठेवलंय देव जाणे, आणि नवा मागवायचा तर पुन्हा महिना जाणार. कागदच बरा. सगळं आयुष्य मी क्वालिटी तपासण्यात काढलं, आधी भोसरीला आणि मग इथे. रबरी रिंगा हातात घेऊन बघितल्याशिवाय मी कधी पास केल्या नाहीत. कागदही हातात लागतो मला.

आमच्या कॉलेजात फी-सवलतीचा फॉर्म असायचा. त्याला तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला लागायचा. आमचे अण्णा त्यासाठी धुतलेला सदरा घालून जायचे आणि परत आल्यावर दिवसभर कोणाशी बोलायचे नाहीत. मदत मागायला गेलो असं त्यांना वाटायचं. तुला तसं काही वाटत नाही ना? वाटून घेऊ नकोस. इथे तो हक्कच आहे.

आल्झो, तर मग, फॉर्म. भरलाच आहे जवळजवळ. दुसऱ्या पानावर वैवाहिक स्थिती विचारली आहे, तिथे पाच-सहा चौकोन आहेत. नेमकी कुठे खूण करायची ते कळव, म्हणजे लगेच पाठवतो.

इकडे हवा छान आहे. समोरच्या फ्राऊ हुबरनी परवा सकाळी अकराला टोपलीभर आलुबुखार आणून दिले. एकट्याने किती खाणार? मुरांबा करायला घेतला आणि भांडं करपवलं. तुझी तब्येत कशी आहे? जेवतेस ना वेळेवर?

तुझा
बाबा


कायझर्सलाउटर्न
१९ सप्टेंबर २०२४

बाबा,

वैवाहिक स्थिती. वरून चौथा चौकोन. 'फरविटवेट'. म्हणजे विधुर. मागच्या वर्षी तिथेच खूण केली होतीत, त्याच्या आदल्या वर्षीही. ते बदलत नाही.

आता दुसरं काही विचारायचं असेल तर विचारू नका, तसंच पाठवा.

आणि वेळेवर जेवते का, त्याचं उत्तर : पहाटे पाचला बेकरीत उभी असते, नऊपर्यंत. उरलेला ब्रेड मिळतो तोच नाश्ता आणि बऱ्याचदा तेच दुपारचं जेवण. नऊनंतर लेक्चर्स. मेकॅनिक्समध्ये मी दोनदा नापास झालेय. फेब्रुवारीत तिसरा प्रयत्न, आणि चौथा नसतो इथे. त्यात गेले तर कोर्समधून नाव कापतात, देशात कुठेही हा विषय परत घेता येत नाही. त्यामुळे मला बेकरी सोडून अभ्यास करायचाय, आणि त्यासाठी बाफ्योग वेळेवर हवाय. इतकं साधं आहे.

तुमचे पैसे नकोत. मागे पाठवलेत ते परत केले तसे पुन्हा करीन. फक्त सही हवीय.

वल्लरी


रेगेन्सबर्ग
८ ऑक्टोबर २०२४

चि. वल्लरी,

अनेक आशीर्वाद. सोबतच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी आहे आणि थोडं मेतकूट. शुभामावशीने पुण्याहून कोणाबरोबर तरी पाठवलं होतं. नुसता ब्रेड खाऊ नकोस, त्यावर ही लाव. आई तुला नाही का शाळेच्या डब्यात द्यायची, आणि तुझ्या वर्गातली ती लाल केसांची मुलगी सगळी फस्त करायची!

दोनदा नापास झालीस हे तू मला आत्ता सांगतेस. असो. रागावत नाही. मीही मशीन ड्रॉइंगमध्ये गटांगळी खाल्ली होती, तुझ्या आईला लग्नानंतर सहा वर्षांनी सांगितलं. मेकॅनिक्सची भीती बाळगू नकोस. शांतपणे आकृती काढायची, बलांचे सगळे बाण दाखवायचे, एकही सोडायचा नाही. बाण सुटला की उत्तर गेलं.

फॉर्म तयारच आहे. एक झेरॉक्स तेवढी राहिली आहे. दुकान दुपारी बंद असतं. या आठवड्यात नक्की टाकतो.

इथे संध्याकाळी लवकर अंधार पडायला लागलाय. मी नदीवर एक चक्कर मारून येतो रोज. दगडी पुलावर पर्यटकांची गर्दी असते, सगळे एकमेकांचे फोटो काढत असतात. मला एका जोडप्याने काल त्यांचा फोटो काढायला सांगितला. मी काढला तर बाईंची मान कापली गेली.

तुझा
बाबा


कायझर्सलाउटर्न
१५ ऑक्टोबर २०२४

बाबा,

डबा उघडला. तळापर्यंत शोधलं. फॉर्म नव्हता.

आता नीट वाचा. आईवडील कागद देतच नसतील तर मुलांना वेगळा अर्ज करता येतो. सरकार तुमच्याशिवाय मला पैसे द्यायला लागतं आणि मग ते तुमच्या मागे लागतं. मी बाफ्योगच्या ऑफिसातल्या बाईंना भेटून आले, अर्ज घेऊन आलेय. तीस तारखेपर्यंत तुमचा फॉर्म आला नाही तर मी तो अर्ज भरते. त्यानंतर तुम्हाला पत्रं त्या ऑफिसातून येतील. माझ्याकडून नाहीत. पुढच्या वर्षीही नाहीत, कधीच नाहीत.

तुम्ही असं का करता, मला खरंच कळत नाही. मी तुमचं काय घोडं मारलंय?

वल्लरी


रेगेन्सबर्ग
१८ ऑक्टोबर २०२४

वल्लरी बाळा,

हा घे. चारही पानं, सही, टॅक्सचा कागद, पगाराचं वर्षाचं प्रमाणपत्र. रजिस्टर करून पाठवतो आहे, उद्या-परवा मिळेल. तो दुसरा अर्ज भरू नकोस. हात जोडतो.

तू विचारलंस म्हणून सांगतो. चौकोन मला ठाऊक होता. झेरॉक्सचं दुकान दिवसभर उघडं असतं. पिनचं पाकीट टेबलाच्या खणात आहे. फॉर्म मी तुझं पाकीट आलं त्याच संध्याकाळी भरून ठेवला होता. मागच्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षीही असंच केलं.

तो पाठवला की तुझं काम संपतं. मग पुढच्या सप्टेंबरपर्यंत तुझी एक ओळ येत नाही. नाही पाठवला की तू लिहितेस. रागाने का होईना, 'बाबा' असं लिहून सुरुवात करतेस. मागच्या वर्षीची चारही पत्रं आहेत माझ्याकडे. चौथ्यात तू मला निर्लज्ज म्हटलं आहेस. तेही ठेवलंय.

तुला पैसे उशिरा मिळतील हे डोक्यात होतं. पण उशिरा म्हणजे काय, ते मी कधी धड डोळ्यांपुढे आणलं नाही. पहाटे पाचची बेकरी तू या वर्षी पहिल्यांदा लिहिलीस.

माझं चुकलं. फार चुकलं.

बाबा


कायझर्सलाउटर्न
४ नोव्हेंबर २०२४

बाबा,

फॉर्म मिळाला. ऑफिसात दिला.

मागच्या वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर मी काय केलं ते सांगते, म्हणजे ते तुम्हाला डोळ्यांपुढे आणता येईल. खोलीचं भाडं दोन महिने थकलं. होस्टेलच्या बाई माझ्या दारावर चिठ्ठ्या चिकटवायच्या, आणि त्या काढायच्या आधी शेजारची पोरं वाचायची. हिवाळ्याचे बूट नव्हते. मेकॅनिक्सच्या दुसऱ्या पेपरला मी बेकरीतून सरळ गेले आणि तिथे पहिल्या अर्ध्या तासात डुलकी लागली. तुम्हाला चार पत्रं मिळावीत म्हणून.

मी हे असं सहज माफ करणाऱ्यातली नाही. आईसारखी नाही मी.

दुसरी गोष्ट. फॉर्म द्यायच्या आधी मी या वेळी तो वाचला. एरवी वाचत नाही. या वर्षीचं उत्पन्न २०२२ चं आहे. आई गेली ते वर्ष. तुमचं प्रमाणपत्र : एक जानेवारी ते एकतीस डिसेंबर, बिनपगारी रजा शून्य. पगाराशिवाय वर ओव्हरटाइम!

आई जानेवारीत पुण्याला उपचारांना गेली. मेमध्ये गेली. त्या पाच महिन्यांत तुम्ही एकदाही रजा घेतली नाहीत. मला तर कोणी काही सांगितलंच नव्हतं, माझी आबिटूर होती ना, परीक्षा! 'आईला बरं आहे, थोडा अशक्तपणा आहे.' रोज हेच. मंगळवारी ती गेली आणि शुक्रवारी माझी शेवटची तोंडी झाल्यावर तुम्ही मला शाळेच्या फाटकाबाहेर सांगितलंत. तीन दिवस माझ्यासमोर बसून जेवलात. मी पोचले तेव्हा शुभामावशीच्या घरी फक्त फोटो होता आणि त्याच्यापुढे दिवा.

पण तुम्हाला तर माहीत होतं. मग तुम्ही का गेला नाहीत? ओव्हरटाइम करत होतात?

वल्लरी


रेगेन्सबर्ग
२० नोव्हेंबर २०२४

चि. वल्लरी,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले. चार कागद फाडले.

मार्चमध्ये मी तिकीट काढलं होतं. दोन एप्रिलचं, म्युनिकहून. बॅग पलंगाखाली होती. तू ती बघितलीस आणि स्वयंपाकघरात येऊन विचारलंस, "बाबा, तुम्ही कुठे चाललात? आईला जास्त आहे का?" हातात तुझ्या जीवशास्त्राचं पुस्तक होतं. मी म्हणालो, "छे गं, कंपनीचं काम आहे, स्टुटगार्टला." मग बाहेर जाऊन तुझ्या आईला फोन केला. ती म्हणाली, "अहो, तुम्ही आलात तर तिला कळेल. पोरगी पुस्तकं टाकून इकडे येईल. तुम्ही तिथेच थांबा. तिची परीक्षा झाली की दोघं या, मी काही कुठे जात नाही." तिकीट रद्द केलं.

आपल्याकडे असंच करतात. माझी आजी गेली तेव्हा माझी बारावी होती, मला आठ दिवसांनी सांगितलं. शैलाचे, तुझ्या आईचे, काका गेले ते तिला सी.ए.चा पेपर झाल्यावर सांगितलं. आम्हाला दोघांनाही त्याचं वाईट वाटलं होतं, आणि आम्ही दोघांनीही तुझ्याशी तेच केलं. त्यात काही चुकतंय असं मनातसुद्धा आलं नाही.

म्हणजे मीही तिला पाहिलं नाही, वल्लरी. जानेवारीत विमानतळावर पाहिलं तेच शेवटचं. तिने निळा स्वेटर घातला होता आणि मला सांगत होती की फ्रीजमधलं दही संपवा. ओव्हरटाइम खरा आहे. तू अभ्यासाला बसलीस की घरात टाचणी पडली तरी ऐकू यायची. फोन वाजला तर तुझ्यासमोर चेहरा कसा ठेवायचा, हे मला जमत नव्हतं. कारखान्यात मशीनचा आवाज असतो. ती मंगळवारी गेली, बुधवारीही मी कामावरच गेलो. तीन हजार रिंगा तपासल्या त्या दिवशी. नंतर त्यातला अर्धा माल परत आला.

हे सांगून मी सुटत नाही. शैला आजारी होती, घाबरली होती. मी धडधाकट होतो. तुला सांगायचं काम माझं होतं. तिला वाटलं तिच्याजवळ वेळ आहे. डॉक्टर मला वेगळं सांगत होते.

तू रागावलीस की निदान तू आहेस एवढं तरी कळतं. नाहीतर या घरात मला फार एकटं वाटतं. हे मी कोणाला बोललेलो नाही.

बाबा


कायझर्सलाउटर्न
६ जानेवारी २०२५

बाबा,

तुमचं पत्र दीड महिना पुस्तकात होतं. ख्रिसमसला होस्टेल रिकामं झालं. आमच्या मजल्यावर मी आणि एक कोरियन मुलगा, बाकी सगळे आपापल्या घरी. त्याने भात केला, मी तुमची चटणी दिली. तो ती खाऊन रडला. तिखटाने. मग तो झोपायला गेला आणि मी तुमचं पत्र परत वाचलं.

तुम्ही गेला नव्हतात हे मला माहीत होतं. का गेला नव्हतात हे नव्हतं. ती बॅग मला आठवते. मी स्टुटगार्टवर विश्वास ठेवला होता.

माफ केलं असं अजून लिहिता येत नाही. खोटं लिहायचं नाहीये. पण एक अट घालते, ती पाळलीत तर आपण फॉर्मशिवायही लिहू. यापुढे मला सगळं सांगायचं, वेळच्या वेळी. परीक्षा असली तरी. परीक्षा असली तर आधी! मी काय ऐकायला तयार आहे हे तुम्ही ठरवायचं नाही.

बाफ्योग मंजूर झाला. वाटला होता त्यापेक्षा कमी. २०२२ च्या त्या ओव्हरटाइममुळे तुमचं उत्पन्न वर गेलंय, म्हणून माझी मदत खाली. गेनाऊ, अगदी तेच वर्ष. हसू की रडू कळेना. बेकरीच्या शिफ्ट वाढवून घेतल्यात, आता आठवड्याला पाच. पेपर एकोणीस फेब्रुवारीला आहे. बाण सगळे दाखवते.

आणि एक विचारायचं होतं. सप्टेंबरमध्ये फ्राऊ हुबरनी आलुबुखार दिले तेव्हा तुम्ही सकाळी अकराला घरी होतात. झेरॉक्सचं दुकान दुपारी बघून येता. शिफ्ट बदलली का?

वल्लरी


रेगेन्सबर्ग
१७ जानेवारी २०२५

चि. वल्लरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून काय वाटलं ते लिहीत नाही, डोळे पुसून पुसून चष्म्याला डाग पडलेत. अट मान्य. शंभर टक्के मान्य.

हो हो, शिफ्ट बदलली. आता बरेचदा दुपारपाळी असते. म्हणून सकाळी घरी. काळजीचं काही नाही. तू अभ्यासाकडे लक्ष दे. बेकरीत हातमोजे वापर, भट्टीपाशी हात भाजतात. मेकॅनिक्सच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात का बघ, त्या सोडव.

इथे बर्फ पडलाय. फ्राऊ हुबरच्या दारापुढचा मीच काढतो हल्ली.

तुझा
बाबा


रेगेन्सबर्ग
१३ फेब्रुवारी २०२५

चि. वल्लरी,

सहा दिवसांनी तुझी परीक्षा आहे. तरी लिहितो आहे. म्हणूनच लिहितो आहे.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. अट मान्य म्हटलं, आणि त्याच्या खालच्याच ओळीत मोडली. दुपारपाळी वगैरे काही नाही. माझी नोकरी गेली. ३० जून २०२४ हा शेवटचा दिवस. आमची रिंगांची लाइन कंपनीने बंद केली, अकरा जण एकदम गेलो. तुझं पहिलं पाकीट आलं तेव्हाच मला घरी बसून दोन महिने झाले होते. आर्बाइट्सआम्टात, बेकारांच्या ऑफिसात, नाव घातलंय, तिथून पैसे येतात, पगाराच्या मानाने बरेच कमी. उपाशी नाही. पण त्रेपन्नाव्या वर्षी, माझ्या या जर्मनवर, अजून कोणी बोलावलेलं नाही. एकोणतीस अर्ज झाले.

सुरुवातीला मी रोज सकाळी डबा भरून बाहेर पडायचो. फ्राऊ हुबरना वाटावं की कामाला चाललो. नदीकाठी बाकावर बसायचो आणि डबा खाऊन शिफ्ट सुटायच्या वेळेला परत यायचो. एक दिवस फ्राऊ हुबरच कुत्रं घेऊन समोरून आल्या. त्यांनी काही विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी आलुबुखार घेऊन आल्या.

आता मुख्य. काल मी विद्यार्थ्यांच्या मदतीच्या इथल्या ऑफिसात जाऊन विचारून आलो. तिथल्या बाई म्हणाल्या, सरकार दोन वर्षांपूर्वीचंच उत्पन्न धरतं, पण वडिलांचं आत्ताचं उत्पन्न घसरलं असेल तर मुलीला वेगळा अर्ज करता येतो. मग आत्ताचं धरतात. तुला जवळजवळ पूर्ण मदत मिळेल, मागचे महिनेही धरून. अट एकच, वडिलांनी मुलीला ते सांगायला हवं. बाईंनी हे अगदी सहज म्हटलं आणि पुढच्या माणसाचा नंबर पुकारला.

म्हणजे ऑक्टोबरपासून तू पहाटे पाचला उभी राहतेस ती माझ्या गप्प बसण्यामुळे. सप्टेंबरमध्ये एक ओळ लिहिली असती तर तुला आत्ता अभ्यासाला वेळ असता. अण्णा तलाठ्याकडून येऊन गप्प बसायचे, पण दाखला तरी आणायचे. मी तोही आणला नाही.

आर्बाइट्सआम्टाचा कागद आणि कंपनीचं पत्र सोबत आहे. हे पाकीट मी काल दोनदा पेटीपर्यंत नेऊन परत आणलं. वाटलं, एकोणीस तारीख जाऊ दे. सहाच दिवस. शैला असती तर तिनेही हेच सांगितलं असतं. आज मात्र टाकतो आहे.

वाचून तुला जे वाटेल ते वाटू दे. पेपर दे.

बाबा


कायझर्सलाउटर्न
२० फेब्रुवारी २०२५

बाबा,

पेपर काल झाला. निकाल मार्चच्या शेवटी लागेल. सहा प्रश्न होते, पाच पूर्ण लिहिले, सहावा अर्धा. काय होईल ते सांगता येत नाही.

तुमचं पाकीट सोमवारी आलं. आधी वाटलं, नंतर उघडावं. मग स्वतःचीच लाज वाटली आणि जिन्यातच उघडलं. खूप रडले. तुमचा रागही आला, आठ महिने, बाबा! 'अट मान्य, शंभर टक्के!' कागद चुरगाळला आणि पुन्हा सरळ केला. बेकरीत फोन करून सांगितलं की दोन दिवस येत नाही, आणि बहुतेक मार्चपासून येणारच नाही. मग तोंड धुतलं आणि अभ्यासाला बसले.

परीक्षेत चौथ्या प्रश्नाला तुम्ही आठवलात, बाकावर डबा उघडून बसलेले. थोडा वेळ गेला. मग मी आकृती परत पहिल्यापासून काढली, सगळे बाण दाखवले.

तो नवीन अर्ज मी आणलाय. त्यात तुमची एक सही लागते. पोस्टाने पाठवणार नाही. तुमच्या हाती फॉर्म दिला की काय होतं ते मला माहीत आहे. एक मार्चला, शनिवारी, सकाळच्या गाडीने येते. माझ्यासमोर भरा. डबा भरून ठेवू नका, आल्यावर दोघं मिळून काहीतरी करू. घरात दही असेल तर ते संपवू नका.

आणखी एक लिहायचं आहे, ते तोंडावर बोलता येणार नाही म्हणून इथे लिहिते. सोमवारी मला सगळं कळलं आणि बुधवारी मी पेपर लिहिला. लिहिता येतो, बाबा. तेव्हाही लिहिला असता. आईला भेटून येऊन लिहिला असता.

वल्लरी